कोल्हापुरात ग्लूटेनमुक्त ब्रेड: गिरणीपासून मिसळीच्या ताटापर्यंत

डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला की कोल्हापूरच्या माणसाला पोळीच्याही आधी मिसळ आठवते. मुंबईकडे मिसळीसोबत पाव येतो. आपल्याकडे ब्रेडच्या स्लाइस येतात, आणि त्या कटात बुडवून खाल्ल्याशिवाय मिसळ खाल्ल्याचे समाधान होत नाही. म्हणून घरात कुणाला सिलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा करणारा आजार, निघाला की पहिल्याच आठवड्यात शहरातल्या बेकऱ्या पालथ्या घातल्या जातात. "ग्लूटेन फ्री आहे का?" असे विचारले की कुठे आटा ब्रेड पुढे येतो, कुठे मल्टिग्रेन, तर कुठे एगलेस. यातला एकही चालत नाही.

माझे सांगणे असे की हा शोध बेकरीपासून सुरूच करू नका, तो पिठाच्या गिरणीपासून सुरू करा. गव्हाचा कणही नसलेले पीठ हाताशी आले की पहिल्या दिवसापासून भाकरी मिळते आणि थोड्या सरावाने घरचा ब्रेडही जमतो. पीठ स्वच्छ नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. आमच्या घरात हा आहार मुलीमुळे आला. घरातल्या ज्याच्या हाती स्वयंपाक आहे, त्याच्या उपयोगी पडावे म्हणून पुढचे सगळे क्रमाने लिहिते आहे.

आधी तपासणी, मग पथ्य

पोट बिघडते, वजन वाढत नाही, हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर येत नाही, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून गहू सोडून पाहू नका. सिलिअॅकची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए, ग्लूटेनमुळे शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते ती मोजते. गहू काही आठवडे बंद असेल तर ती कमी होतात आणि आजार असूनही तपासणी नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे तपासणी होईपर्यंत रोजची पोळी चालू ठेवायची. बरोबर एकूण आयजीएही (हा प्रतिद्रव्यांचा एक प्रकार) तपासायला सांगा, कारण काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असते आणि मग पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पुढे एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासायचा की नाही, हे पोटविकाराचे डॉक्टर ठरवतील. एकाला निघाला तर आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्या. हा आजार कुटुंबात चालतो.

जगभरात साधारण शंभरात एकाला सिलिअॅक असतो. गव्हाची ॲलर्जी वेगळी, आणि गहू नुसता न सोसणे हे आणखी वेगळे. सिलिअॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेले की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, म्हणून "थोडे चालते" हा मार्ग बंद असतो. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी गहू आणि हा आजार यांचा संबंध उलगडून दाखवला. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा त्यांच्याकडची आजारी मुले सुधारली, आणि ब्रेड परत आला तेव्हा पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध सादर केला. औषध आजही तेच आहे: आयुष्यभर ग्लूटेन नाही.

आता प्रमाण समजून घ्या, पुढच्या सगळ्या खटाटोपाचे कारण त्यात आहे. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लूटेन असते. सिलिअॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसते. म्हणजे स्लाइसचा दोनशेवा भाग, ताटात सांडलेला चुरा.

कशात असते, कशात नसते

गहू, जव आणि राय (हे धान्य आहे, मोहरी नव्हे) या तिन्हींत ग्लूटेन असते. मैदा, रवा, लापशीचा दलिया, गव्हाच्या शेवया, कुरडया ही सगळी गव्हाचीच रूपे. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतोच. थालीपिठाच्या पारंपरिक भाजणीत गहू पडतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून केलेल्या असतात. ओट्सचे दाणे शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळत आलेले असतात, म्हणून सुरुवातीला ओट्स नकोत.

खपलीबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण आपल्या भागात, सांगली-बेळगावच्या पट्ट्यात, खपली पिकते आणि "खपलीला ग्लूटेन नसतं, ती चालते" असे चांगली शिकलेली माणसेही सांगतात. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे. मधुमेहासाठी, पचनासाठी तिचे जे काही गुण असतील ते असोत, सिलिअॅकच्या घरात ती अजिबात चालत नाही.

दुसरी अडचण हिंगाची. दुकानातला डबीतला हिंग म्हणजे बांधणीचा हिंग, आणि ती बांधणी बहुतेक वेळा मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची असते. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणा, नाहीतर हिंगाशिवाय फोडणी द्या. वर्षाची चटणी कांडून आणताना मसाल्यात कोणता हिंग पडला तेही पाहा, कारण तीच चटणी वर्षभर घरच्या प्रत्येक रश्शात पडणार आहे.

चालणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत आणि त्या आपल्याच मातीतल्या आहेत: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, बटाटा, रताळे. राधानगरी, गगनबावड्याकडची नाचणी, आजऱ्याकडचा तांदूळ, सोलापूर-विजापूरकडून येणारा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-भातावर जेवलेला हा मुलुख आहे. त्यामुळे आपल्याला परदेशी पिठांच्या मागे धावायची गरज नाही.

गिरणी

ज्वारीत ग्लूटेन नसते, पण गिरणीतून आलेल्या ज्वारीच्या पिठात ते असू शकते. एक हिशेब मांडून पाहू. तुमच्या आधी कुणाचा तरी गहू दळला गेला आणि जात्यात, नळ्यात, खाली बांधलेल्या कापडात मिळून मूठभर, समजा ५० ग्रॅम, गव्हाचे पीठ राहिले. त्यात १० टक्के ग्लूटेन धरले तर ५ ग्रॅम. तुमची ५ किलो ज्वारी दळली की ते ५ ग्रॅम त्यात मिसळले, म्हणजे किलोला १००० मिलिग्रॅम. भारतात ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थाला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे साध्या गिरणीतले "शुद्ध ज्वारीचे पीठ" मर्यादेच्या पन्नासपट. ८० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून ८० मिलिग्रॅम पोटात जाईल. पथ्य काटेकोर पाळूनही रिपोर्ट सुधारत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी विचारते, "पीठ कुठून आणता?"

यावर उपाय तीन आहेत, आणि माझ्या पसंतीच्या क्रमाने लिहिते.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे घरगुती आटाचक्की, नवी, आणि तिच्यात गहू कधीही न घालण्याच्या अटीवर. घरातल्या बाकीच्यांचा गहू बाहेर दळा, चक्की पथ्यासाठी राखून ठेवा. पैसे एकदा जातात, पण पुढची वर्षे निर्धास्त जातात. जुनी, वापरलेली चक्की स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्या कानाकोपऱ्यातला गहू निघत नाही. आजीचे दगडी जातेही तसेच: त्यावर गहू दळला गेला असेल तर दगडाच्या टाक्यांमध्ये तो बसलेला असतो. नवे जाते मिळाले तर उत्तम.

दुसरा उपाय मिक्सरचा. तांदळासाठी तो खरोखर चांगला आहे. मोदकाच्या पिठीसाठी करतो तसे तांदूळ धुऊन, निथळून, सावलीत फडक्यावर वाळवून थोडे थोडे मिक्सरला फिरवायचे आणि नव्या बारीक चाळणीने चाळायचे. ज्वारी मिक्सरमध्ये तितकी बारीक होत नाही. भाकरीला चालून जाते, ब्रेडला मात्र कणी लागते.

तिसरा उपाय म्हणजे गव्हाचे वेगळे जाते असलेली गिरणी. पुष्कळ गिरण्यांत गहू, ज्वारी आणि डाळ यांची यंत्रे वेगळी असतात. गिरणीवाल्याशी निवांत बोला, दुपारी गर्दी नसताना. नुसते "गहू दळत नाही ना?" असे विचारू नका, त्याचे उत्तर "नाही हो" असेच येते. असे विचारा: "मामा, या जात्यावर कधी अडचणीला गहू टाकता का? पीठ भरायचं फावडं दोन्हीकडं एकच आहे का? मला पहाटे गिरणी उघडल्या उघडल्या, गव्हाच्या आधी दळून द्याल का? पोरीला औषधासारखं लागतंय." शेवटचे वाक्य महत्त्वाचे. आजाराचे कारण कळले की आपल्याकडची माणसे मनापासून मदत करतात. आषाढी, नवरात्र, महाशिवरात्रीच्या आधी उपवासाची पिठे दळताना जाती साफ करण्याची पद्धत असते, त्याचा दाखला दिला की मुद्दा लगेच पोचतो. तरीही हवेत उडणारे पीठ थांबत नाही, म्हणून हा उपाय शेवटचा. आधी किलोभर तांदूळ दळून टाकून दिला तर भेसळ कमी होते, पूर्ण जात नाही.

धान्य मात्र अख्खेच आणा. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात शाळू, तांदूळ, नाचणी सगळे मिळते. पोत्यात हात घालून दाणे पाहा. ज्वारीत गव्हाचे चुकार दाणे असतात, ते डोळ्यांना दिसतात. घरी पाखडून, ताटात पसरून निवडायचे, मग धुऊन कडकडीत वाळवायचे. घरातल्या मुलांनाही या निवडण्याला बसवा, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात. दळण दोन-तीन आठवड्यांपुरतेच करा. ज्वारीचे पीठ शिळे झाले की कडवट होते, बाजरीचे त्याहूनही लवकर. पावसाळ्यात पीठ फ्रिजमध्ये ठेवलेले बरे.

ब्रेडसाठी तांदूळ निवडताना मऊ, चिकट शिजणारा इंद्रायणी घेऊ नका, ब्रेड आतून गिजगिजीत होतो. भाकरीला तोच छान लागतो, हे खरे. आजरा घनसाळसारखा भौगोलिक मानांकन मिळालेला सुवासिक तांदूळ भातासाठी राखा, दळायला नको. मोकळा शिजणारा, जुना, स्वस्तातला तांदूळ ब्रेडला सर्वांत चांगला.

स्वयंपाकघर

चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे, काठवट, लाकडी उलथने आणि टोस्टर यांची जोडी वेगळी हवी. या वस्तूंच्या भेगांत, जाळीत अडकलेले पीठ धुऊन जात नाही. स्टीलची भांडी, काचेचे वाडगे, परात घासून घेतली की चालतात. लोखंडी तवा शक्य असेल तर वेगळा ठेवा. एका घरात पोळ्याही होत असतील तर आधी भाकऱ्या करायच्या, ओटा पुसायचा, मग कणीक काढायची. लोण्याच्या डबीत, जॅमच्या बाटलीत पोळी-ब्रेडचा हात लागलेला चमचा जातो, म्हणून या डब्या वेगळ्या करून वर लाल टिकली चिकटवा.

विकतचा ब्रेड घ्यायचा असेल तर

ज्या भट्टीत रोज मैद्याचा ब्रेड भाजला जातो तिथे पीठ हवेत तासन्‌तास तरंगत राहते. त्याच जागेत कुणी मनापासून ग्लूटेनमुक्त ब्रेड केला तरी सिलिअॅकच्या माणसाने तो खाऊ नये असे माझे मत आहे. "नाचणी ब्रेड", "नाचणी बिस्किटे" यांत नाचणी मूठभर आणि बाकी मैदा किंवा कणीक असते, पाकिटामागे घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात ते वाचा.

पाकिटबंद ब्रेड घेताना तीन गोष्टी पाहा. ग्लूटेन फ्री असे स्पष्ट छापलेले हवे. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. आणि ॲलर्जीच्या सूचनेत "गहू हाताळला जातो" असे काही नको. मोठ्या शहरांतून कुरिअरने मागवायचा असेल तर करणाऱ्याला फोन करून विचारा की जागा पूर्ण ग्लूटेनमुक्त आहे का, मालाची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत करून घेता, आणि ब्रेड गोठवून पाठवता का. न गोठवलेला ब्रेड प्रवासात दोन दिवस राहिला की कोरडा तरी पडतो किंवा बुरशी तरी धरतो. आल्या दिवशीच स्लाइस सुट्या करून फ्रीजरमध्ये टाका. चवीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर विकतचे बहुतेक ब्रेड स्टार्चने भरलेले, गोडसर आणि ठिसूळ असतात. प्रवासाला, अडचणीला ठेवावेत. रोजचा ब्रेड घरचाच.

पहिले काही आठवडे भाकरीचे

ब्रेडच्या आधी भाकरीचा हात बसू द्या. कारण दोन्हींचे तत्त्व एकच. गव्हाच्या कणकेला ताण देणारी जाळी ग्लूटेन विणते, ज्वारीच्या पिठाला तशी जाळी नाही. म्हणून आपण आधणाचे पाणी घालतो. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. तांदळाच्या भाकरीला तर उकड काढावीच लागते. ब्रेडमध्ये याच चिकटपणाचे काम इसबगोल करतो. भाकरी थापताना ओले पीठ किती मळले की "येते", हे ज्या हाताला कळते, त्याला हा ब्रेड लवकर जमतो.

तांबड्या-पांढऱ्या रश्शाला भाकरीच लागते, तेव्हा त्या बाबतीत तुमचे काहीच गेलेले नाही. भाकरीला वरून लावायचे पीठ तेवढे तुमच्याच डब्यातले असू द्या.

ब्रेडची कृती

८ बाय ४ इंचांच्या एका टिनासाठी:

तांदळाचे बारीक पीठ १३० ग्रॅम
शाळूचे पीठ ११० ग्रॅम
टॅपिओका स्टार्च किंवा कॉर्नफ्लोर १०० ग्रॅम
इसबगोलाचा भुसा २० ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम
साखर किंवा किसलेला गूळ १५ ग्रॅम
मीठ ७ ग्रॅम
तेल २० ग्रॅम
पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस २ चमचे
पाणी ४०० मिलिलिटर

वजनकाटा घ्याच. वाटीच्या मापाने हा ब्रेड एकदा जमेल आणि पुढच्या वेळी बसेल. इसबगोल औषधाच्या दुकानात मिळतो, तो साधा घ्या, संत्र्याच्या चवीचा किंवा साखर घातलेला नको. भुशाऐवजी पूड मिळाली तर १७ ग्रॅम पुरे, पूड जास्त पाणी ओढते. कॉर्नफ्लोर म्हणजे पांढरे शुभ्र स्टार्च, मक्याचे पिवळे पीठ त्याच्या जागी चालणार नाही. व्हिनेगर माल्टचे नको, ते जवाचे असते.

१५० मिलिलिटर पाणी कोमट करा, बोट बुडवले तर सुखद वाटावे इतकेच. त्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे झाका. वर फेस आला नाही तर यीस्ट मेलेले आहे, तिथेच थांबा आणि नवे आणा. दुसऱ्या वाडग्यात २५० मिलिलिटर साध्या पाण्यात इसबगोल घालून लगेच ढवळा, तीन-चार मिनिटांत घट्ट जेल होते. तिन्ही पिठे आणि मीठ एकत्र चाळा. त्यात यीस्टचे पाणी, जेल, तेल आणि व्हिनेगर घालून पाच मिनिटे हाताने नीट मळा. जेलच्या गाठी बोटांनी चुरडत मळायचे, कोरडे पीठ कुठेही दिसता कामा नये. गोळा थालीपिठाच्या पिठापेक्षा किंचित सैल आणि स्पंजासारखा दबणारा होतो. कणकेसारखा गुळगुळीत होत नाही, त्याची वाट पाहू नका.

हात ओला करून गोळ्याला लांबट आकार द्या, तेल लावलेल्या टिनात ठेवा, ओल्या बोटांनी वरचा भाग सारखा करा. गव्हाच्या ब्रेडसारखे दोनदा फुगवायचे नाही, एकदाच. वर ओले फडके टाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात अर्धा-पाऊण तासात पीठ टिनाच्या काठाच्या बोटभर वर येते. आषाढ-श्रावणातल्या पावसात सव्वा तासही लागतो, तेव्हा टिन बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवा. घड्याळापेक्षा उंची पाहा. दीडपट झाले की बास, दुप्पट होऊ दिले तर भाजताना खचते.

तोवर ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे तापवा, खालच्या बाजूला पाण्याची छोटी वाटी ठेवा. टिन मधल्या किंवा खालच्या कप्प्यात ठेवून उष्णता २०० अंशांवर आणा आणि ५५ ते ६० मिनिटे भाजा. छोट्या ओटीजीत वरची कांडी जवळ असते, म्हणून अर्ध्या तासाने वर ॲल्युमिनियमची फॉइल सैल झाकायची. हा ब्रेड गव्हाच्या ब्रेडपेक्षा जास्त वेळ भाजावा लागतो, कारण त्यात पाणी पुष्कळ आहे. वरून लाल दिसतो म्हणून काढायचा मोह आवरा. टिनातून काढून वजन करा: कच्च्या गोळ्यापेक्षा १०० ते १२० ग्रॅम कमी भरले पाहिजे. कमी झाले नसेल तर टिनाशिवाय आणखी दहा मिनिटे आत ठेवा. टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ अंश पुरे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळते, त्यामुळे पुस्तकांतला ९९-१०० चा आकडा आपल्याला लागू नाही.

आता सर्वांत कठीण भाग: तीन तास हात लावायचा नाही. जाळीवर ठेवून पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम असताना आतला स्टार्च अजून बसलेला नसतो, सुरी घातली की चिकटून लगदा होतो आणि ब्रेड कच्चा राहिला असे वाटते. मुले घरात घिरट्या घालतील, त्यांच्यासाठी भाकरी-लोणी तयार ठेवा.

काय बिघडले, कशाने बिघडले

तळाशी ओलसर, दाट थर राहिला: भाजणे कमी पडले किंवा पाणी जास्त झाले. पुढच्या वेळी पाणी २० मिलिलिटरने कमी करा, पण आधी दहा मिनिटे जास्त भाजून पाहा. मध्ये खचला: फुगवण जास्त झाली. कापताना चुरा होतो: इसबगोल कमी किंवा जुना, नाहीतर पीठ जाडसर दळलेले. हे तिसरे कारण सर्वांत जास्त वेळा निघते, म्हणून ब्रेडचे पीठ दोनदा चाळा. रंग जांभळट आला तर घाबरू नका, काही ब्रँडच्या इसबगोलाने तसे होते. खायला चालते, पुढच्या वेळी ब्रँड बदला. कडवट लागला तर शाळूचे पीठ जुने आहे.

ब्रेड जमू लागला की शाळूच्या ११० ग्रॅमपैकी ३०-४० ग्रॅम नाचणी घालून पाहा. रंग आणि चव सुरेख येते, त्याहून जास्त घातली तर जड होतो. बाजरी कडवटपणा देते. बेसनाचा वास ब्रेडमध्ये मला आवडत नाही, तुम्हाला आवडला तर थोडे घाला.

दुसऱ्या दिवशी हा ब्रेड कोरडा होऊ लागतो. म्हणून गार झाल्यावर त्याच दिवशी सगळ्या स्लाइस करा, दोन स्लाइसमध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवा. लागेल तशा काढून थेट तव्यावर थोडे तूप सोडून भाजा. साध्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो सगळ्यात लवकर वाळतो.

ओव्हन नसेल तर

याच पिठाचे आठ गोळे करून बोटभर जाडीचे गोल पाव थापा, तेल लावलेल्या ताटात झाकून अर्धा तास फुगू द्या. जाड बुडाचा तवा मंद आचेवर तापवा, पाव ठेवा, वर उंच झाकण घाला. एका बाजूने सात-आठ मिनिटे, मग उलटून तेवढीच. कडा दाबून पाहिल्या की परत वर आल्या पाहिजेत. स्लाइससारखे चौकोनी होत नाहीत, पण कट छान शोषतात, आणि कट वड्यालाही हेच पाव चालतात. वीज गेली तरी अडत नाही, हा आणखी एक फायदा.

मिसळीचे ताट

घरच्या मिसळीत मोडाची मटकी, बटाट्याची भाजी, कट, कांदा, लिंबू यांत ग्लूटेन नाही. धोका चटणीतल्या हिंगात आणि वरच्या फरसाणात. दुकानातल्या फरसाणात गाठी-शेव बेसनाची असली तरी पापडी मैद्याची असू शकते, आणि ज्या तेलात शंकरपाळी तळली त्याच तेलात शेव तळली जाते. त्यामुळे शेव घरीच पाडा. बेसनही घरच्या चक्कीवर दळलेले घ्या. चक्की नसेल तर पाकिटबंद घ्या, त्यावर ग्लूटेन फ्री छापलेले असू द्या. शेवेऐवजी घरचे भडंग वर टाकले तरी मिसळ छान लागते. कटात ब्रेड बुडवण्याआधी स्लाइस तव्यावर कडक भाजून घ्या. न भाजलेली स्लाइस कटात विरघळते.

बाहेर मिसळ खायची हौस असेल तर आपल्या स्लाइस डब्यातून नेता येतात, पण कट आणि फरसाण त्यांचेच असणार. हिंगाचे उत्तर हॉटेलातल्या आचाऱ्याकडेच मिळते, वाढणाऱ्याकडे नाही. मालकाला सांगून आत विचारायला लावा, आणि खात्रीचे उत्तर आले नाही तर पुढच्या रविवारी घरी मिसळ करा. लोणी डोसा तांदळाचा असतो, त्यात काही जण मैदा किंवा रवा मिसळतात, तेवढे विचारा आणि तवा फक्त डोशाचाच आहे ना ते पाहा. लग्नकार्यात भात, साधे वरण, तूप, दही एवढ्यावर निभावते, मात्र पंगतीत बसण्याआधी आचाऱ्याला भेटून भात पहिल्या भांड्यातून, वेगळ्या डावाने वाढून घ्या. पर्समध्ये किंवा दप्तरात भाजलेल्या दोन स्लाइस आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी कायम असू द्या. शाळेत वाढदिवसाचा केक आला तर बाईंकडे फ्रीजरमध्ये ठेवायला मुलांचा घरचा कपकेक आधीच देऊन ठेवता येतो. जूनमध्ये शाळा उघडताना वर्गशिक्षिकांना हे सगळे एका पानावर लिहून द्या, गव्हाचे काय काय असते त्याच्या यादीसकट.